आठ दिवसांची चढण, वीस मिनिटांची उतरण

दिवाळीचे वहीपूजन आटोपते, लाभपंचमीला दुकानाचे दार पुन्हा उघडते आणि त्यानंतर व्यापारी घरांतून प्रवासाची बोलणी निघतात. नेमके हेच दिवस नेपाळातील खुंबू प्रदेशात पायी फिरण्यास उत्तम असतात. पावसाळा सरलेला असतो, आकाश धुतल्यासारखे निर्मळ असते आणि हिवाळ्याची खरी थंडी अद्याप उतरलेली नसते. एव्हरेस्टच्या पायथ्याशी जाऊन येण्याची इच्छा आता केवळ गिर्यारोहकांची राहिलेली नाही. पन्नाशी ओलांडलेली, आयुष्यभर गादीवर बसून हिशेब पाहिलेली माणसेही या वाटेला लागतात.

अडचण असते ती दिवसांची. लुक्ला ते बेस कॅम्प आणि परत ही वाट सुमारे १३० किलोमीटरची. जाण्यास आठ दिवस, येण्यास तीन-चार; शिवाय काठमांडूतील मुक्काम आणि हवामानासाठी राखलेले दिवस धरले की पंधरवडा सहज संपतो. इतके दिवस दुकान कोणावर सोपवायचे, हा प्रश्न उरतोच. त्याला काठमांडूच्या पर्यटन कंपन्यांनी शोधलेले उत्तर म्हणजे जाताना पायी आणि येताना हेलिकॉप्टर. गोरक्षेपहून उडालेले हेलिकॉप्टर वीसेक मिनिटांत लुक्ल्याला आणि तेथून पाऊण तासात काठमांडूला पोहोचवते. तीन दिवस वाचतात, गुडघेही वाचतात. सोय मोठीच आहे. मात्र ती कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे घरून निघण्यापूर्वीच उमगलेले बरे.

प्रवासाचा आरंभच छातीत धडकी भरवणारा असतो. लुक्ल्याचा विमानतळ १९६४ साली सर एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने बांधला गेला. आज तो तेनझिंग आणि हिलरी या दोघांच्या नावाने ओळखला जातो. धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांबीची, तीही उताराची. एका टोकाला डोंगराची भिंत, दुसऱ्या टोकाला दरी. गर्दीच्या हंगामात येथील विमाने काठमांडूहून न सुटता रामेछापहून सुटतात आणि त्यासाठी मध्यरात्रीच मोटारीत बसावे लागते. पुढची वाट दूधकोशी नदीच्या काठाने फाकदिंगला, तेथून झुलते पूल ओलांडत ३,४४० मीटरवरील नामचे बाजारला जाते. नामचे हे नावाप्रमाणेच बाजाराचे गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या येथील शेर्पा व्यापारी नांगपा ला ही खिंड ओलांडून तिबेटातून मीठ व लोकर आणीत आणि धान्य नेत. व्यापारी घरातून आलेल्या पाहुण्याला या गावात परकेपणा वाटू नये.

नामचेत एक दिवस थांबावे लागते आणि पुढे ४,४१० मीटरवरील दिंगबोचेत आणखी एक दिवस. घाईच्या माणसाला हेच दोन दिवस जाचतात. पाय ठीक आहेत, दम लागत नाही, मग थांबायचे कशाला? सम्मेदशिखरजीची सत्तावीस किलोमीटरची वंदना एका दिवसात पायी केलेल्या माणसाला तर हा विश्राम अपमानास्पदच वाटतो. परंतु पारसनाथचा पहाड चौदाशे मीटरच्या आतला आहे. तेथे कसोटी लागते ती पायांची आणि निष्ठेची. खुंबूत कसोटी लागते ती रक्ताची. हवेतील प्राणवायूचे प्रमाण वरही तेवढेच, म्हणजे सुमारे एकवीस टक्के असते. पण हवेचा दाब घटत जातो आणि बेस कॅम्पच्या ५,३६४ मीटर उंचीवर तो समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर येतो. प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात कमी होतो. शरीर या टंचाईशी जुळवून घेते, पण स्वतःच्या गतीने. म्हणूनच तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक विश्रामदिवस घ्यावा, असे वैद्यकीय सूत्र आहे. तरुण वय, व्यायामाची सवय, निर्व्यसनी शरीर यांपैकी काहीही या सूत्रातून सूट देत नाही. किंबहुना धडधाकट तरुणच अधिक वेगाने चढतात आणि अधिक वेळा आजारी पडतात.

फेरिचे येथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे छोटे रुग्णालय आहे. याच ठिकाणी २७८ पदयात्रींची पाहणी करून डॉ. पीटर हॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेला निबंध १९७६ मध्ये ‘लान्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक लोकांना उंचीच्या आजाराची लक्षणे होती, आणि लुक्ल्यापर्यंत विमानाने आलेल्यांत ती खालून चालत आलेल्यांपेक्षा जास्त होती. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, झोप न लागणे ही प्राथमिक लक्षणे होत. एवढ्यावर थांबले आणि माणूस त्याच उंचीवर राहिला, तर बहुधा एक-दोन दिवसांत बरे वाटते. पण डोके दुखत असताना चढत राहिल्यास फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठू शकते. बसल्या जागी धाप लागणे, ओठ निळसर पडणे, बोलण्यात असंबद्धता, सरळ रेषेवर टाचेला चवडा लावून चालता न येणे, यांपैकी एकही चिन्ह दिसले तर सकाळची वाट पाहायची नसते. रात्र असो, बर्फ पडत असो, त्या माणसाला खाली उतरवायचे.

हेलिकॉप्टर-परतीचा खरा धोका येथे लपलेला आहे, आणि माहितीपत्रकांत तो छापलेला नसतो. पायी परतायचे असते तेव्हा माणूस आपली ताकद राखून चढतो. आठवडाभर चढलेली वाट आपल्यालाच उतरायची आहे, ही जाणीव त्याला सावध ठेवते. हेलिकॉप्टरचे पैसे आगाऊ भरलेले असले की हिशेब बदलतो. लोबुचेला डोके ठणकू लागते. पण उद्या गोरक्षेप, परवा सकाळी हेलिकॉप्टर, मग एक दिवस सोसायला काय हरकत आहे? वाटाड्यापासून लक्षणे लपवली जातात, पत्नी पतीला आणि मुलगा वडिलांना सांगत नाही. त्यातच परवाची सकाळ ढगाळ निघते. हेलिकॉप्टर येत नाही. ते दुपारीही येत नाही, कारण दुपारी वारा सुटतो आणि दरीतून ढग वर चढतात. गोरक्षेपच्या ५,१६४ मीटरवर आणखी एक रात्र काढावी लागते आणि जो माणूस कालच फेरिचेला उतरून बरा झाला असता, त्याची प्रकृती त्या रात्रीत हाताबाहेर जाऊ शकते. आरक्षित केलेले हेलिकॉप्टर हे वाहन आहे, औषध नव्हे. औषध एकच: उतरणे, आणि ते आपल्या किंवा दुसऱ्याच्या पायांनी.

यंत्रालाही विरळ हवेचा त्रास होतोच. हेलिकॉप्टरची पाती हवेला खाली ढकलून वर उचलतात. ढकलण्यास हवाच कमी असली की उचलण्याची शक्ती घटते. खाली पाच प्रवासी नेणारे यंत्र गोरक्षेपहून एका वेळी दोघा-तिघांनाच उचलते. त्यांना फेरिचेला किंवा लुक्ल्याला सोडून ते उरलेल्यांसाठी परत येते. म्हणून निघण्यापूर्वी माणसांची व सामानाची वजने विचारली जातात आणि एकत्र आलेले कुटुंब अर्धा तास दोन ठिकाणी विभागले जाते. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर कोण आधी जाणार हे आदल्या रात्रीच ठरवावे. पात्यांच्या गर्जनेत आणि उडणाऱ्या धुळीत ते ठरत नाही.

या वजनाच्या हिशेबाची सर्वांत हृद्य कथा १९९६ सालची आहे. त्या वर्षीच्या १० मेच्या वादळात एव्हरेस्टवर अनेक आरोहक मृत्युमुखी पडले. अमेरिकन डॉक्टर बेक वेदर्स यांना मृत समजून बर्फात सोडून देण्यात आले होते. ते स्वतःच उठून छावणीत चालत आले, हात हिमदंशाने गोठलेले. १३ मे रोजी नेपाळी सेनेचे लेफ्टनंट कर्नल मदन खत्री छेत्री यांनी सुमारे सहा हजार मीटर उंचीवर, खुंबू हिमप्रपाताच्या वर हेलिकॉप्टर नेले. एवढ्या उंचीवर एका वेळी एकच रुग्ण नेणे शक्य होते. पहिली पाळी वेदर्स यांची होती. तेवढ्यात तैवानचे आरोहक मकालू गाऊ यांना आणण्यात आले. त्यांना चालताही येत नव्हते. वेदर्स यांनी आपली जागा त्यांना दिली. हेलिकॉप्टर पुन्हा येईल याची शाश्वती कोणालाच नव्हती. छेत्री पुन्हा आले, आणि दोघेही वाचले.

त्याच आकाशात पुढे एक निराळा व्यवहारही घडला. पर्यटकाच्या विम्यातून बचाव-उड्डाणाचे पैसे मिळतात, हे ध्यानात आल्यावर किरकोळ डोकेदुखीलाही हेलिकॉप्टर बोलावण्याचा धंदा काही जणांनी मांडला. एकाच फेरीत चौघांना आणून चार स्वतंत्र फेऱ्यांची बिले लावली गेली. पर्यटक आजारी पडावेत म्हणून अन्नात खाण्याचा सोडा मिसळल्याचेही आरोप झाले. २०१८ मध्ये नेपाळ सरकारने चौकशी करून बचाव-उड्डाणांसाठी नवे नियम केले. परदेशी विमा कंपन्यांनी तर संरक्षणच काढून घेण्याचा इशारा दिला होता. येथे पाहुण्याचीही परीक्षा असते. ‘थोडे आजारी असल्याचे सांगा, परतीचे भाडे विम्यातून निघेल’ असा सल्ला वाटेत मिळू शकतो. तो ऐकणारा माणूस खोटी पावती फाडतो, आणि तिची किंमत पुढल्या वर्षी खरोखर बेशुद्ध पडलेल्या कोणाला तरी मोजावी लागते. सोयीची परत स्वतःच्या खिशातून आणि बचावाची विम्यातून, या दोन खात्यांची सरमिसळ होऊ नये. विमा घेताना मात्र तो सहा हजार मीटरपर्यंतच्या पदभ्रमणास आणि हेलिकॉप्टर-बचावास लागू आहे, हे कागदावर वाचून घ्यावे.

आहाराचा प्रश्न जैन कुटुंबांना सर्वांत आधी पडतो, आणि तो वाटतो तितका अवघड नाही. खुंबू ही बौद्ध परंपरेत पवित्र दरी मानली जाते. येथे पशुहत्या न करण्याचा दंडक पूर्वापार आहे. मांस खालून, दिवसेंदिवस पाठीवरून वाहून येते. म्हणून मांसाहारी पाहुण्यांनाही नामचेच्या वर शाकाहारच घेण्याचा सल्ला वाटाडे देतात. डाळ-भात सर्वत्र मिळतो. खरी अडचण बटाट्याची आणि लसणाची. बटाटा हे खुंबूचे मुख्य पीक. शेर्प्यांचे रिकीकूर हे धिरडे त्याचेच. लसणाचे सूप तर उंचीवरचे रामबाण औषध म्हणून प्रत्येक लॉजमध्ये पुढे केले जाते. त्याच्या औषधीपणाला ठोस वैद्यकीय आधार नाही, तेव्हा ते नाकारण्यात काही गमवावे लागत नाही. कांदा-लसूण-बटाट्याविना डाळ-भात हवा असल्याचे आदल्या मुक्कामावरून कळवले तर ती व्यवस्था होऊ शकते. खाकरे, मेतकूट, भाजलेले मूग आणि सुकामेवा घरून न्यावा.

उकळलेले पाणी सर्वत्र मिळते, विकतच. गोरक्षेपला पाणी सुमारे त्र्याऐंशी अंशांवरच उकळते, पण पिण्यास ते निर्धोक असते. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी लॉजवर पोहोचताच जेवण सांगावे, कारण नोव्हेंबरात पाचच्या आसपास दिवस मावळतो आणि स्वयंपाकघर सात वाजताच्या जेवणाच्या तयारीत असते. उंचीवर दिवसाला तीन-चार लिटर पाणी लागते. रात्री पाण्याचा त्याग असेल तर ते सारे दिवसा पोटात जायला हवे. उपवासाचे दिवस मात्र या यात्रेत आखू नयेत. भूक मुळातच मरते, आणि न खाण्याचे कारण व्रत आहे की आजार, हे मग वाटाड्याला कळत नाही.

हेलिकॉप्टरने परतणाऱ्याच्या हातून काय निसटते, हेही सांगायला हवे. चढताना नजर पायाखाली असते. तेंगबोचेचा मठ, त्यामागे आमा दबलमचे शिखर, थुकलाच्या चढावरील आरोहकांची दगडी स्मारके हे सारे उतरतानाच डोळे भरून पाहता येते. खाली उतरणाऱ्यांवर या वाटेची अनेक घरे जगतात. हजारो फुटांवरून वीस मिनिटांत निघून गेलेला पाहुणा पांगबोचेत चहा पीत नाही, नामचेत मुक्काम करीत नाही. २०२५ च्या आरंभी खुंबूतील तरुणांनी व्यावसायिक हेलिकॉप्टर-फेऱ्यांना जो विरोध केला, त्यामागे रोजगाराचा हा हिशेब होता. आवाजाने बिथरणारे वन्यजीव हे दुसरे कारण. आजारी माणसाला नेणाऱ्या उड्डाणाला त्यांचा आक्षेप नव्हता. जोखीमही विसरून चालत नाही: जुलै २०२३ मध्ये सोलुखुंबूतून काठमांडूला परतणारे एक हेलिकॉप्टर कोसळून पाच मेक्सिकन प्रवासी व वैमानिक असे सहा जण दगावले. तो पावसाळ्याचा महिना होता.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, शेगडीभोवती सारे जमलेले असतात तेव्हा, वाटाड्याचा आणि भरियाचा निरोप घ्यावा. त्यांचे बक्षीस त्यांच्या हाती तेव्हाच द्यावे. सकाळी यंत्र उतरले की दोन मिनिटांत बसावे लागते आणि कोणाचा आवाज कोणाला ऐकू येत नाही. भरिया शेर्पाच असतो असे नाही; पुष्कळदा तो खालच्या खोऱ्यांतला राई किंवा तामांग असतो. वजनाच्या मर्यादेमुळे मोठी पिशवी हेलिकॉप्टरात न मावल्यास ती त्याच्याच पाठीवरून लुक्ल्याला येते. तिचा मालक काठमांडूत गरम पाण्याने स्नान करून फोनवर दुकानाची चौकशी करीत असतो, तेव्हा ती पिशवी थुकलाच्या उतारावर असते. नामचेला पोहोचायला तिला अजून एक दिवस असतो.