रिकाम्या पुंगळीची हिफाजत

रायगड किनाऱ्यावर रानडुकरांपासून पीक राखायला काही बागायतदार परवान्याची बारा बोअर बाळगतात. रिकामी पुंगळी पुन्हा भरता येते. मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम ५ नुसार काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो.

आम्ही कापडवाले जाणतो, कापड आधी घडीवर विरते. पुंगळीही तोंडाच्या घडीवरच आधी चिरते. कागदी पुंगळी दमट हवेत फुगते. प्लास्टिकची फुगत नाही, पण खाऱ्या वाऱ्याने तिचे धातूचे बूड खराब होते. म्हणून बार झाल्यावर त्याच दिवशी पुसून, सावलीत वाळवून बंद डब्यात ठेवावी. किती वेळा भरली त्याची खूण करावी.

तोंड चिरले, बुडाशी छिद्र दिसले किंवा टोपी सैल बसली, तर ती फेकावी. चार पैसे वाचवताना हात गमावणे हा तोट्याचाच सौदा.