नरसू अप्पा माळी निकाल : घटनेच्या मूळ शब्दांचे वाचन

घटनेच्या शब्दांना ती लिहिली गेली तेव्हाचाच अर्थ द्यावा, या मताचे अमेरिकेतील सर्वांत ठळक नाव न्या. अँटोनिन स्कॅलिया (सर्वोच्च न्यायालयात १९८६ ते २०१६). मुंबई उच्च न्यायालयात याच वळणाचा युक्तिवाद १९५१ मध्ये नरसू अप्पा माळी खटल्याच्या निकालात झाला. द्विभार्याप्रतिबंधाचा १९४६ चा मुंबई कायदा कुलाबा जिल्ह्यातील कर्जत-खालापुरालाही लागू होता. मुख्य न्यायमूर्ती छागला व न्या. गजेंद्रगडकर यांनी तो वैध ठरवला. पण मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे रद्दबातल ठरवणाऱ्या अनुच्छेद १३ मध्ये ‘रूढी’ आहे, व्यक्तिगत कायदा नाही; घटनाकारांना तो अभिप्रेत असता तर त्यांनी तसे लिहिले असते, म्हणून व्यक्तिगत कायद्याला मूलभूत हक्कांची कसोटी लागत नाही, असेही या न्यायमूर्तींनी म्हटले.

या भेदाचा परिणाम चमत्कारिक आहे. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना सहसा लागू नाही. त्यांचे विवाह रूढीनुसार चालतात. त्यामुळे कर्जत-खालापुरातील ठाकर, कातकरी या जमातींच्या विवाहरूढी घटनेच्या कसोटीवर तपासता येतात, संहितेत न आलेला व्यक्तिगत कायदा मात्र सुटतो. सर्वोच्च न्यायालयाच्या शबरीमला निकालात (२०१८) न्या. धनंजय चंद्रचूड यांनी नरसू निकालातील या भूमिकेवर सविस्तर टीका केली.