वणीहून बऱ्हाणपूर : भूगर्भातील जलमार्गाचे दर्शन

इराणातील यझ्द नगरीला ज्या भूमिगत कालव्यांनी वाळवंटात शतकानुशतके जगविले, त्या जलविद्येचा प्रत्यक्ष परिचय ज्यास करून घ्यावयाचा असेल, त्या वणीकर प्रवाशाने वर्धा गाठून भुसावळमार्गे बऱ्हाणपूरची वाट धरावी आणि तेथे दोन दिवसांच्या मुक्कामाची तजवीज करावी. जहांगीर बादशहाच्या कारकिर्दीत, १६१५ साली, अब्दुल रहीम खानखाना यांच्या आश्रयाने इराणी तज्ज्ञाने सिद्ध केलेला कुंडी भंडारा, सातपुड्यातून तापीकडे पाझरणारे पाणी भूगर्भातच अडवून, शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे उभ्या विहिरी, जोडणाऱ्या भुयारातून केवळ उताराच्या बळावर शहराकडे नेतो; पहिला दिवस सर्वस्वी त्यालाच द्यावा, असे आमचे आग्रहाचे मत आहे. कुंडीत उतरण्याची व्यवस्था चालू आहे किंवा कसे, याची चौकशी मात्र आगाऊ करावी. दुसऱ्या दिवशी शाही किल्ल्यातील चित्रांकित हमामखाना आणि फारुकी सुलतानांच्या जामा मशिदीतील संस्कृत शिलालेख पाहावा. मुमताज महल १६३१ साली याच शहरी निवर्तली. तिचे प्रथम दफन तापीपलीकडील आहूखान्यात, म्हणजे मृगोद्यानात, झाले. प्रवासास हिवाळाच निवडावा.