जुन्या गाडीचे स्टिअरिंग आणि घरचा पाना

गेवराई-माजलगावकडे गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या धावू लागल्या की डांबराच्या कडा तुटतात आणि पावसाळ्यात शेतरस्त्याचा काळा चिखल गाडीच्या पोटाला लिंपून बसतो. या दोन्हींचा मार जुन्या गाडीच्या टायरॉड एंडला सोसावा लागतो. स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा हा सांधा म्हणजे ग्रीसमध्ये फिरणारी पोलादी गोळी आणि तिच्यावर रबराची टोपी. टोपी फाटली की गढूळ पाणी आत शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि मातीची कणी गोळीला घासू लागते. ही झीज इतकी सावकाश वाढते की रोज गाडी चालवणाऱ्याचा हात तिला सरावतो. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्येच थांबले, म्हणजे आज दिसणारी प्रत्येक ८०० दहा वर्षांच्या पुढची आहे. अशा गाडीच्या मालकाने हा एक सांधा तपासायला आणि बदलायला घरीच शिकले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

स्टिअरिंगशी जिवाची गाठ असते, तिथे नवख्याने हात घालू नये, हा आक्षेप मोलाचा आहे. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम काय मागतो ते पाहा: स्टिअरिंग व्हीलवरचा ढिलेपणा ३० अंशांपेक्षा जास्त नको, बॉल जॉइंटवर रबरी टोपी हवी आणि बोल्ट किंवा पिनने जोडलेले सांधे पक्के लॉक केलेले हवेत. यातले काहीही यंत्राशिवाय कळणार नाही असे नाही. एकाने उभ्या गाडीचे स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने सांध्यावर बोटे ठेवावीत. झिजलेली गोळी बोटांना टकटक जाणवते. तालुक्याच्या गावी गॅरेज असते हे खरे, पण गाडी तिथे जाते ती बहुधा चाक थरथरायला लागल्यावर. अर्थात स्टिअरिंग बॉक्स, रॅक आणि पॉवर स्टिअरिंग यांना घरी हात लावू नये, तिथे आक्षेप पूर्ण खरा ठरतो.

बदलताना जागेपासून सुरुवात करावी. काळ्या मातीत जॅक रुततो, त्यामुळे गाडी काँक्रीटवरच घ्यावी, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत आणि गाडी उचलल्यावर तिचा भार भक्कम घोडीवर द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली वाकणे जिवावर बेतते. लॉक नट थोडा सैल करावा, स्प्लिट पिन काढावी, वरचा नट शेवटच्या दोन-चार आट्यांपर्यंत आणून तिथेच ठेवावा. खरी अडचण पुढे येते: निमुळता दांडा चाकाकडच्या आर्ममध्ये घट्ट बसलेला असतो. तो सोडवायला दांड्याच्या आट्यांवर हातोडी मारण्याचा मोह होतो, पण घाव आर्मच्या छिद्राच्या कडेवर घालायचा. धक्क्याने दांडा सुटतो आणि नटामुळे सांधा एकदम खाली पडत नाही. जुना एंड काढताना किती फेरे फिरला ते मोजून नवा तितकाच बसवावा. नट गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाने आवळावा; पिनचे छिद्र जुळले नाही तर आणखी किंचित आवळावा, मागे कधीही फिरवू नये. पिन दर वेळी नवीच घालावी. जुनी वाकवून पुन्हा वापरणे म्हणजे कवडीची बचत करून सांधा सुटण्याची वाट मोकळी ठेवणे.

फेरे मोजले म्हणजे अलाइनमेंट राहिली, असे समजणारे पुष्कळ आहेत. नव्या एंडची लांबी जुन्याशी अगदी जुळेलच असे नसते आणि एखाद-दुसऱ्या आट्याच्या फरकानेही टायर एका बाजूने खरवडला जातो. उलट टोकाची चूकही तितकीच रूढ आहे: गाडी ओढते म्हणून सांधा न तपासताच अलाइनमेंट करून घेणे. ढिल्या सांध्यावर घेतलेले माप पुढच्या खड्ड्यात बदलते. म्हणून आधी सांधा, मग हळू वेगाने गाडी नेऊन अलाइनमेंट. आणि तिथे पोहोचल्यावर लॉक नट व पिन पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालावी.