मोटारीच्या मागील काचेवरील लूव्हर : सावलीचे गणित आणि घरच्या घरी जोडणी

स्पोर्ट्‌स कारच्या मागच्या काचेवर कधीकधी आडव्या पट्ट्यांची एक चौकट बसवलेली दिसते. तिला लूव्हर म्हणतात. जुन्या बंगल्यांच्या खिडक्यांना तिरक्या फळ्यांच्या झडपा असत, त्यांचाच हा मोटारीतला अवतार. १९६६ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेल्या लॅम्बोर्गिनी मिउरा या गाडीत इंजिन चालकाच्या पाठीमागे होते. त्यावर काचेऐवजी पट्ट्या दिल्या, कारण उष्णता बाहेर जायला हवी आणि चालकाला मागचेही दिसायला हवे. पुढे १९६९ च्या फोर्ड मस्टँग बॉस ३०२ मध्ये या पट्ट्या मागच्या काचेवर आल्या. तिचे इंजिन पुढे असल्यामुळे पट्ट्यांकडे सावली आणि देखणेपणा एवढेच काम उरले. मस्टँग २०१६ पासून भारतात अधिकृतपणे विकली गेली. तिच्यासारख्या गाड्यांसाठी इतर उत्पादकांनी बनवलेले लूव्हर बाजारात मिळतात आणि हौशी मालक ते घरीच चिकटवतात. हे काम तासाभराचे दिसते, पण त्यात भूमिती, पदार्थविज्ञान आणि थोडा कायदा असे तिन्ही विषय येतात.

सूर्य कुठे असतो?

उदाहरणासाठी म्हैसूरचे बन्नीमंटप घेऊ. दसऱ्याची जंबू सवारी जिथे संपते आणि रात्री मशालींची कवायत होते, तेच हे ठिकाण. (बन्नी म्हणजे आपली शमी.) म्हैसूरचा अक्षांश सुमारे १२.३ अंश उत्तर आहे. त्यामुळे साधारण २२-२३ एप्रिल आणि २०-२१ ऑगस्टच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य तेथे बरोबर डोक्यावर येतो. २१ जूनला तो उत्तरेकडे झुकून ७९ अंश उंचीवर असतो, तर डिसेंबरच्या अखेरीस दक्षिणेकडे ५४ अंशांवर. म्हणजे वर्षात कधीही माध्यान्हीचा सूर्य ५४ अंशांच्या खाली उतरत नाही. म्हैसूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या सुमारे सहा अंश पश्चिमेस असल्याने ही माध्यान्ह घड्याळात सरासरी १२ वाजून २३ मिनिटांच्या आसपास होते. आपल्या गावासाठी हेच गणित करून पाहावे. पुण्यात डिसेंबरची उंची ४८ अंश येते आणि दिल्लीत तर सूर्य कधीच डोक्यावर येत नाही.

पट्टी किती रुंद हवी?

स्पोर्ट्‌स कारची मागची काच बरीच आडवी असते. ती क्षितिजाशी ३० अंशांचा कोन करते असे मानू. काचेवर दर १० सेंटिमीटरला एक पट्टी आहे आणि प्रत्येक पट्टी मागच्या दिशेने क्षितिजसमांतर बाहेर आलेली आहे. मग लगतच्या दोन पट्ट्यांमधले आडवे अंतर १० × कोसाइन ३० = ८.७ सेंमी आणि उभे अंतर १० × साइन ३० = ५ सेंमी.

सूर्य डोक्यावर असेल तर पट्टी ८.७ सेंमी रुंद असली की काच पूर्ण सावलीत जाते. गाडीच्या पुढच्या बाजूने, म्हणजे छतावरून येणारे ऊनही तेवढ्यानेच अडते. अडचण येते ती मागून येणाऱ्या उन्हाची. वरच्या पट्टीच्या कडेला घासून आलेला किरण खालच्या पट्टीवरच पडला पाहिजे, काचेवर नव्हे. त्यासाठी

पट्टीची रुंदी = आडवे अंतर + (उभे अंतर ÷ सूर्याच्या उंचीचा टॅन)

एवढी रुंदी लागते. मागून ६० अंशांवर सूर्य असेल तर ८.७ + ५ ÷ १.७३ = ११.५ सेंमी, ४५ अंशांवर १३.७ सेंमी आणि ३० अंशांवर १७.३ सेंमी. दुपारी चारनंतरचे पश्चिमेचे ऊन पट्ट्यांनी अडवण्याचा हट्ट धरू नये. त्यापेक्षा गाडीचे तोंड पश्चिमेला करून ती उभी करणे स्वस्त पडते.

बाहेरची सावली आतल्या पडद्यापेक्षा का चांगली, हेही येथेच समजून घ्यावे. काचेतून आत आलेला प्रकाश आसनांवर पडून उष्णतेत बदलतो आणि त्या लांब तरंगांना काच बाहेर जाऊ देत नाही. पट्टी हा प्रकाश काचेपर्यंत पोचण्याआधीच अडवते. ती तापली तरी वारा तिला बाहेरच्या बाहेर थंड करतो.

या सावलीची किंमत

वरचीच चौकट आता चालकाच्या नजरेने पाहू. आरशातून सरळ मागे पाहिले तर दोन पट्ट्यांमध्ये ५ सेंमीची मोकळी फट दिसते (पट्टीची जाडी सोडून). नजर खाली झुकली की मात्र ही फट झपाट्याने आवळते, कारण खालची पट्टी वरच्यापेक्षा मागे सरकलेली असते. रुंदी ११.५ सेंमी असेल तर उरणारी फट = ५ − (८.७ + ११.५) × झुकावाचा टॅन. पाच अंशांना ३.२ सेंमी, दहा अंशांना १.४ सेंमी आणि चौदा अंशांना शून्य!

आरसा जमिनीपासून १.१ मीटर उंच धरला तर त्याच्यापासून साडेचार मीटरवरची जमीन सुमारे १४ अंश खाली असते. त्याहून जवळची जमीन या चौकटीतून अजिबात दिसणार नाही. काही भाग डिकीमुळे तसाही झाकलेला असतो, पण गल्लीत गाडी मागे घेताना धावत आलेल्या ७० सेंमी उंचीच्या मुलाचे डोकेही तुकड्यातुकड्यांतच दिसते. पट्ट्या बारीक आणि जवळजवळ घेतल्या तर सुधारेल असे वाटते. ते खरे नाही. सर्व मापे एकाच प्रमाणात कमी होतात, कोन तेच राहतात. म्हणून ज्या गाडीला मागचा कॅमेरा नाही, तिच्या मागच्या काचेवर लूव्हर लावूच नये असे माझे मत आहे. दाराच्या मागे असणाऱ्या छोट्या तिकोनी काचेवर लावावा. तिथेही मार्गिका बदलताना खांद्यावरून टाकलेली नजर अडते, पण धोका कमी.

कायद्याकडेही पाहावे लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०० नुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश जायला हवा. याच नियमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते आणि जानेवारी २०१९ च्या निकालात न्यायालयाने ते काटेकोरपणे लावले. लूव्हर ही फिल्म नव्हे, पण खरेदीआधी आपल्या आरटीओ कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे.

चिकटवताना

लूव्हर बहुधा एबीएस प्लॅस्टिकचे किंवा ॲल्युमिनियमचे असतात. एक मीटर लांबीचे एबीएस ४० अंश सेल्सिअसने तापले की सुमारे ३ मिलिमीटर वाढते. काच मात्र जेमतेम ०.४ मिमी. हा फरक कुठेतरी सामावला पाहिजे, म्हणून कडक होणारा गोंद चालत नाही. एक मिमीहून थोडी जाड, दोन्ही बाजूंनी चिकटणारी ॲक्रिलिक फोमची पट्टी लागते. ती आडवी ताणली जाते आणि सुटत नाही. चौकट मध्यापासून दोन्हीकडे बसवत गेल्यास प्रत्येक टोकाला निम्माच ताण येतो.

फोमपट्टी किती लागेल? कायमच्या वजनासाठी उत्पादकांचा ढोबळ नियम दर किलोला ५५ चौरस सेंमी असा आहे. दोन किलोच्या लूव्हरला ११० चौरस सेंमी. ताशी १०० किमी वेगाला वाऱ्याचा गतिज दाब सुमारे ४६० पास्कल असतो. अर्ध्या चौरस मीटरवर त्याच्या निम्मे शोषण धरले तरी ओढ ११५ न्यूटन, म्हणजे १२ किलो वजनाएवढी. क्षणिक ओढ हा फोम सहज पेलतो. सुटायला सुरुवात होते ती कडेपासून, म्हणून वरच्या कडेला आणि कोपऱ्यांना पट्टी अखंड द्यावी.

गाडी सावलीत उभी करून काच आधी साबणाने धुवावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसावी. फोमचा कागद काढण्यापूर्वी चौकट कोरडीच ठेवून कागदी चिकटपट्टीने काचेवर खुणा कराव्यात, कारण एकदा टेकलेला फोम सरकत नाही. धुराड्यासारखी दिसणारी बारीक फट कडेला राहिली तर तिथे पाणी आणि धूळ साचते. सगळीकडे जोराने दाबावे. वीस मिनिटांत निम्मी, २४ तासांत नव्वद टक्के आणि ७२ तासांत पूर्ण पकड येते. तोवर गाडी धुवू नये, महामार्गावरही नेऊ नये. पुढे कधी काढायची झाली तर केस वाळवण्याच्या यंत्राने फोम गरम करावा आणि मासेमारीची नायलॉन दोरी करवतीसारखी पुढेमागे ओढत तो कापावा. काचेवर पाते लावू नये.