आंग्रे घराण्याचे किताब आणि दत्तकाचा प्रश्न

पेण तालुक्यातील हमरापूर ज्या जिल्ह्यात मोडते, त्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. हे नाव अलिबागच्या समुद्रातील किल्ल्याचे. त्या किल्ल्याच्या आश्रयाने राज्य केलेल्या आंग्रे घराण्याची सत्ता व किताब मात्र त्यापूर्वीच इतिहासजमा झाले होते.

मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांना ‘सरखेल’ हा किताब होता. फारसीत ‘खेल’ म्हणजे स्वारांची टोळी. भूमीवरील सैन्याचा हा शब्द कोकणात समुद्रावर स्थिरावला, हे लक्षणीय होय. १७२९ मध्ये कान्होजींचे निधन झाले आणि पुढे वारसांत कलह माजला. पहिल्या बाजीरावाने १७३५ मध्ये वाटणी केली. सरखेली संभाजीकडे राहिली; मानाजीस कुलाबा व ‘वजारतमाआब’ हा किताब मिळाला. घराणे एक, किताब दोन. आरमाराचे सामर्थ्य दुभंगले आणि १७५६ मध्ये विजयदुर्ग पडून तुळाजी आंग्रे कैद झाले.

कुलाब्याची शाखा टिकली. परंतु १८२२ च्या तहाने तिने कंपनी सरकारचे वर्चस्व मान्य केले. डिसेंबर १८३८ मध्ये दुसरे रघुजी वारले. त्यांच्या पश्चात जन्मलेला पुत्रही अल्पावधीत मरण पावला. राणी यशोदाबाईंनी दत्तकाची परवानगी मागितली, ती नाकारून १८४० मध्ये राज्य खालसा करण्यात आले. दत्तकाचा प्रश्न निघताच सामान्यतः लॉर्ड डलहौसीचे नाव घेतले जाते; पण तो हिंदुस्थानात आला १८४८ मध्ये. कुलाब्याचा निर्णय लॉर्ड ऑकलंडच्या कारकीर्दीतला आहे.

धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र पित्याचा पूर्ण वारस ठरतो. ब्रिटिश सरदारकीची रीत निराळी. तेथे किताब सनदेतील शब्दांनी बांधलेला असतो. बहुधा तो औरस पुरुषवंशापुरताच दिलेला असल्याने दत्तकास त्यावर हक्क पोचत नाही व वंश खुंटताच किताब लुप्त होतो. कुलाब्याचा निकाल धर्मशास्त्रापेक्षा या रीतीशी अधिक जुळतो. स्वतः डलहौसीसही ती चुकली नाही. १८४९ मध्ये त्यास मार्क्विस हा किताब मिळाला. त्याला दोन मुली होत्या, पुत्र नव्हता. १८६० मध्ये त्याच्या मृत्यूबरोबर तो किताब लुप्त झाला. अर्ल हे घराण्याचे जुने पद तेवढे चुलत्याच्या शाखेकडे गेले.