मजकूर आणि आज्ञा

पूर्वीच्या छापखान्यात हस्तलिखित जुळाऱ्याच्या हाती पडण्याआधी संपादक त्यावर खुणा करीत असे: हा शब्द ठळक, ही ओळ तिरकी, येथे नवा परिच्छेद. जुळारी या खुणा पाळीत असे, छापीत नसे. संगणकावरील पानांची मांडणीही अशाच खुणांनी होते. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली वर्णिलेल्या ‘एचटीएमएल’ या भाषेतील खुणा कोनी कंसांत लिहितात, आणि पान दाखविणारा ब्राउझर हा त्यांचा जुळारी होय.

परंतु येथे एक मोठा भेद आहे. छापखान्यात खुणा करण्याचा अधिकार संपादकाचा असे. ब्राउझरला मात्र मजकूर व खुणा एकाच ओळीत मिळतात आणि त्या कोणी लिहिल्या हे त्याला कळत नाही. शिवाय सर्वच खुणा केवळ शोभेच्या नसतात. ‘स्क्रिप्ट’ ही खूण ब्राउझरला एखादा कार्यक्रम चालविण्याची आज्ञा देते, आणि तो कार्यक्रम पान उघडणाऱ्या वाचकाच्या नावाने व त्याच्या अधिकाराने कामे करू शकतो.

याचा प्रत्यय ४ ऑक्टोबर २००५ रोजी आला. ‘मायस्पेस’ या संकेतस्थळावर सदस्यांना आपले पान सजविण्याची मुभा होती. धोकादायक खुणा आणि ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द तेथे गाळला जाई. सॅमी कामकार या तरुणाने तो शब्द दोन ओळींत तोडून लिहिला. गाळणीला तो ओळखू आला नाही; काही ब्राउझरांनी मात्र तो जोडून वाचला. त्याचे पान जो पाही, त्याच्या पानावर तीच आज्ञा आपोआप उतरे. सुमारे वीस तासांत दहा लाखांहून अधिक पाने अशा रीतीने बाधित झाली व संकेतस्थळ काही काळ बंद ठेवावे लागले.

यावरून दिसून येते की निषिद्ध गोष्टींची यादी कधीच पुरी होत नाही. म्हणून अनुमत खुणांचीच छोटी यादी करणे अधिक सुरक्षित ठरते. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचे उदाहरण घेऊ. तेथे लेखात भर घालण्यास सामान्यतः सदस्यत्वाचीही अट नाही. शब्द ठळक करण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंस तीन-तीन अवतरणचिन्हे, तर दुवा देण्यासाठी दुहेरी चौकोनी कंस अशी साधी योजना आहे. एचटीएमएलच्या मोजक्याच खुणा चालतात. कोणी ‘स्क्रिप्ट’ लिहिलेच, तर ती आज्ञा न ठरता निव्वळ अक्षरे म्हणून पानावर दिसते. ही मर्यादा नसती, तर पाने वगळण्याचा अधिकार असलेल्या प्रचालकाने एखादा लेख नुसता उघडताच, त्याच्या नकळत, त्याच्याच नावाने इतर लेख नाहीसे होऊ शकले असते.

हे बंधन लेखकावरील अविश्वासातून आलेले नाही. अनोळखी माणसालाही लेखणी निर्धास्तपणे देता यावी, यासाठीच ते घातलेले आहे.